जागा सांगणारे लेखन : आत्मपर निबंधातील दृष्टी आणि सत्य

१

लेखकाने स्वतःचा अनुभव, आठवण आणि विचार यांना केंद्रस्थानी ठेवून, ‘मी’ या निवेदकाच्या तोंडून आणि कल्पित कथानकाचा आधार न घेता केलेल्या गद्यलेखनाला आत्मपर निबंध म्हणतात. या प्रकाराची मुख्य अडचण त्याच्या व्याख्येतच आहे. घडले तेच सांगण्याचे वचन वाचकाला दिलेले असल्यामुळे हे लेखन सत्याला बांधलेले असते. पण सगळे काही एकाच माणसाने, एकाच ठिकाणाहून पाहिलेले असल्यामुळे ते सत्य अपुरे राहणार, हेही उघड असते. या अडचणीवर दोन सोपी उत्तरे दिली जातात. पहिल्या उत्तरानुसार दृष्टिकोन आला की सत्य रंगते, म्हणून आत्मपर लेखनाला पुरावा मानू नये आणि त्याचा केवळ आस्वाद घ्यावा. दुसऱ्या उत्तरानुसार ज्याचा अनुभव त्याचे सत्य, आणि त्याला कोणी प्रश्न विचारू नये. पहिले उत्तर लेखकाला जबाबदारीतून मोकळे करते आणि दुसरे वाचकाचा अधिकार काढून घेते, त्यामुळे दोन्ही उत्तरे टिकत नाहीत.

प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की दृष्टी ही सत्याच्या आड येणारी गोष्ट नाही. दृष्टीची जागा लपवली जाते तेव्हाच ती आड येते. लेखक कोठे उभा होता, किती काळाने लिहीत आहे, कोणाच्या बाजूने त्याला प्रवेश मिळाला आणि कोणती दारे त्याला बंद होती, हे मजकुरातून कळले तर वाचक त्या लेखनाची तपासणी करू शकतो, आणि ज्याची तपासणी करता येते त्यालाच सत्याचा दावा करता येतो. यासाठी सत्याचे तीन थर वेगळे करावे लागतात. काय घडले, हे घटनेचे सत्य. ते भोगणाऱ्याला कसे जाणवले, हे अनुभवाचे सत्य. आणि ते का घडले किंवा त्यातून काय निघते, हे अर्थाचे सत्य. अनुभवाच्या सत्याबाबत लेखकाचा शब्द जवळजवळ अखेरचा असतो. घटनेच्या सत्याबाबत तो अनेक साक्षीदारांपैकी एक असतो, आणि अर्थाच्या सत्याबाबत त्याला इतर कोणाहूनही अधिक अधिकार नसतो. आत्मपर लेखनातील बहुतेक घोटाळे एका थरावरचा अधिकार दुसऱ्या थरावर वापरल्यामुळे होतात.

हा प्रश्न पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या आधारे तपासण्याचे कारण स्थानिक अभिमान हे नाही. स्वतःविषयी आणि स्वतःच्या नजरेने लिहिण्याचे नमुने या परिसरात फार दूरच्या काळापासून आजपर्यंत मिळतात, आणि त्यांची तुलना केली की दृष्टी व सत्य यांचे नाते नुसत्या तत्त्वचर्चेपेक्षा अधिक स्पष्ट होते.

२

कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात, सातवाहन राणी नागनिका हिच्या नावाशी जोडला जाणारा ब्राह्मी लिपीतील कोरीव लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण नाणी यांची नोंद आकड्यांसह येते. हा लेख एका घराण्याचे स्वतःविषयीचे निवेदन आहे. पण त्यात पाहणारी व्यक्ती कोठेच दिसत नाही. दान किती दिले हे कळते, ते देताना कोणाला काय वाटले हे कळत नाही, आणि ज्यांनी ते यज्ञ दुरून पाहिले त्यांचा उल्लेखही होत नाही. जुन्नरभोवतीच्या लेण्यांतील दानलेख याहून लहान आहेत. पाण्याची पोढी (टाके) किंवा भोजनमंडप देणारा आपले नाव, कूळ किंवा गाव सांगतो आणि थांबतो; काही दाते स्वतःची ओळख ‘यवन’, म्हणजे ग्रीक वा पश्चिमेकडचे परदेशी, अशी देतात. परका माणूस परक्या धर्मस्थळी दान देताना आपली ओळख कोणत्या शब्दाने कोरून घेतो, एवढीच आत्मपरता तेथे आहे. आकडे आणि नावे असलेले हे लेखन विश्वसनीय वाटते. पण ते तपासण्यासाठी लागणारी निवेदकाची जागा त्यात नसल्यामुळे त्याची उलटतपासणी फक्त बाहेरच्या पुराव्यानेच करता येते.

याच्या अगदी उलट नमुना सतराव्या शतकातला आहे. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७५ साली जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून मुंबईहून येथे आला, आणि त्याने आपला प्रवास पत्रांच्या रूपाने लिहिला. आठ पत्रांचे ते पुस्तक लंडनमध्ये १६९८ साली प्रसिद्ध झाले. जनानखान्यातील रुग्ण स्त्रीला तपासण्यासाठी त्याला पडद्याआडून एक हात दाखवण्यात आला. तो हात निरोगी दासीचा होता, आणि वैद्याची परीक्षा घेण्यासाठीच ही योजना केलेली होती, हे तो स्वतः सांगतो. या एका प्रसंगात त्याच्या सगळ्या लेखनाची मर्यादा आणि विश्वसनीयता एकत्र आलेली आहे. त्याला जे दाखवले गेले तेवढेच त्याने पाहिले. पण ते कोणी, कोणत्या हेतूने आणि कशाच्या आडून दाखवले हे त्याने नोंदवल्यामुळे वाचकाला त्या दर्शनाचे मोल ठरवता येते.

फ्रायर शिवनेरीवरही जाऊन आला. शिवाजी महाराजांचा जन्म याच किल्ल्यावर झाला असला तरी त्यांच्या हयातीत तो स्वराज्यात आला नाही, आणि फ्रायर आला तेव्हा राज्याभिषेकाला एकच वर्ष झाले होते. म्हणजे मराठी मुलखाच्या त्या ऐन धामधुमीच्या काळात हा लेखक मोगलांचा पाहुणा म्हणून, मोगलांच्या तळावर, कंपनीच्या व्यापाराची चिंता मनात ठेवून वावरत होता. मराठ्यांविषयी त्याने लिहिलेले बरेचसे ऐकीव आहे आणि त्याला त्या बाजूच्या भीतीचा व तुच्छतेचा रंग आहे. असे असूनही ते पुस्तक टाकाऊ ठरत नाही, कारण तो कोणाच्या घरी उतरला, कोणाशी बोलला आणि कोणत्या वाटेने आला-गेला हे त्यातून कळते. पाहणे आणि छापणे यांच्यामध्ये गेलेली तेवीस वर्षे हाही त्या जागेचाच एक भाग मानावा लागतो. आठवण ही जपून ठेवलेली प्रत नसते, ती प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात प्रयोगांनी दाखवले. त्यामुळे आत्मपर लेखनात काळाचे अंतर सांगणे हे स्थळाचे अंतर सांगण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

३

युरोपात आत्मपर लेखनाला ‘निबंध’ म्हणून रूप दिले ते फ्रेंच लेखक मिशेल द माँतेन्य याने. त्याच्या निबंधांचे पहिले दोन खंड १५८० मध्ये निघाले, १५८८ मध्ये तिसरा आला, आणि मृत्यूपर्यंत तो आपल्या छापील प्रतीच्या समासात भर घालत राहिला. मत बदलले तरी जुने मत सहसा न खोडता त्याच्या शेजारी नवे लिहायचे, ही त्याची रीत होती. एकाच माणसाच्या दृष्टीतही काळागणिक फरक पडतो आणि तो फरक वाचकाला दिसू द्यावा, ही प्रामाणिकपणाची एक नवी कल्पना या रीतीतून पुढे आली.

मराठीत मात्र आत्मपर निबंधाची वाट वेगळ्या ठिकाणाहून सुरू झाली. ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टी’, अनंत काणेकर यांची ‘पिकली पाने’ आणि वि. स. खांडेकर यांचे या प्रकारातील लेखन यांतून १९३० च्या दशकात लघुनिबंध स्थिरावला. लहानसा विषय, खेळकर सूर आणि वाचकाशी मैत्री करणारा ‘मी’ ही त्याची ओळख होती. या ‘मी’ला घडलेला प्रसंग खरोखर घडला होता का, असा प्रश्न वाचक विचारत नसे, कारण तेथे करार सत्याचा नव्हता, सहवासाचा होता. त्या लेखनाला खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्या परंपरेमुळे मराठी निबंधातला ‘मी’ बराच काळ जात, वर्ग आणि गाव यांपासून सुटलेला, कोणत्याही मध्यमवर्गीय दिवाणखान्यात बसू शकेल असा राहिला, आणि त्याची जागा इतकी गृहीत होती की ती सांगण्याची गरज त्याला कधी वाटली नाही.

ही गृहीत जागा मोडण्याचे काम ज्यांनी केले त्यांत इरावती कर्वे यांचे नाव अग्रभागी येते. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या इरावतीबाई ‘परिपूर्ती’ या शीर्षकलेखात, थोरांची मुलगी, सून आणि पत्नी म्हणून होणारी स्वतःची ओळख तटस्थपणे न्याहाळतात, आणि पंढरीच्या वारीवरील ‘वाटचाल’ या लेखात दिंडीत चालता चालता, ब्राह्मण आणि मराठा यांचे वेगळे राहणारे स्वयंपाक टिपतात. तेथे लेखिका वारकरीही आहे आणि अभ्यासकही. त्यातही ती एका विशिष्ट जातीत जन्मलेली असल्यामुळे दिंडीतल्या दोन्ही गटांत सारखी सामावू शकत नाही, आणि हा अवघडलेपणा तिने लेखातून काढून टाकलेला नाही. निरीक्षकाची जागा हाच निरीक्षणाचा विषय होतो, तेव्हा ललित निबंध आणि समाजाविषयीचे ज्ञान यांच्यातील भिंत पातळ होते.

४

ही भिंत मराठीत सर्वाधिक सातत्याने ओलांडणारा लेखक जुन्नर तालुक्यातील ओतूरचा. अनिल अवचट यांचा जन्म १९४४ साली ओतूर येथे झाला, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, आणि बिहारमधील अनुभवावर आधारलेले ‘पूर्णिया’ हे त्यांचे पहिले पुस्तक १९६९ मध्ये आले. त्यानंतर ‘माणसं’, ‘संभ्रम’, ‘कोंडमारा’, ‘धागे आडवे उभे’, ‘गर्द’ अशा पुस्तकांतून हमाल, निपाणीच्या तंबाखू वखारींत काम करणाऱ्या स्त्रिया, दलित आणि व्यसनाधीन यांच्या जगाविषयी त्यांनी लिहिले, तर ‘स्वतःविषयी’ आणि ‘छंदांविषयी’ यांत तीच नजर स्वतःकडे वळवली. २०२२ च्या जानेवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले.

अवचटांच्या लेखनाला रिपोर्ताज म्हणण्याची प्रथा आहे; प्रत्यक्ष जाऊन, पाहून आणि लोकांशी बोलून केलेला, वार्तापत्रापेक्षा दीर्घ आणि साहित्यगुण असलेला वृत्तान्त असा त्या शब्दाचा अर्थ. त्यांच्या वृत्तान्तात ‘मी’ सतत हजर असतो, पण लघुनिबंधातल्या ‘मी’सारखा तो मध्यभागी बसत नाही. तो प्रश्न विचारतो, न समजलेले पुन्हा विचारतो, अडखळतो आणि समोरच्याला बोलू देतो. वाक्ये आखूड, शब्द रोजच्या वापरातले, विशेषणे मोजकी. या साधेपणाकडे केवळ शैली म्हणून पाहिले तर त्याचे मुख्य कार्य नजरेतून सुटते. निवेदकाचे अज्ञान उघड ठेवल्यामुळे प्रत्येक माहिती कोणाकडून आली हे वाचकाला दिसत राहते. हमालाने सांगितलेले हमालाचे राहते, मालकाने सांगितलेले मालकाचे, आणि लेखकाने डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच लेखकाचे. सत्याचे तीन थर वेगळे ठेवण्याची ही व्यवहारातली युक्ती आहे, आणि ती तात्त्विक परिभाषेशिवाय साधलेली आहे.

या पद्धतीत दृष्टीची दुरुस्ती होण्यालाही वाव असतो. जागा सांगितली म्हणजे काम संपले असे मानणारा लेखक आपला पूर्वग्रह एकदा कबूल करून पुढे त्याच पूर्वग्रहाने लिहीत राहू शकतो, आणि अशा वेळी कबुलीच ढाल बनते. अवचटांच्या उत्तम लेखांत निवेदक सुरुवातीला जे समजून आलेला असतो ते शेवटी तसेच राहत नाही. ‘गर्द’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मादक पदार्थांच्या विळख्याचा शोध घेणाऱ्या लेखनातून १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले, अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी ते चालवले, आणि त्याला पु. ल. व सुनीता देशपांडे यांचे आर्थिक बळ मिळाले. पाहणारा येथे पाहण्यापुरता राहिला नाही, आणि केंद्राशी जोडला गेल्यावर व्यसनाविषयीचे त्याचे पुढील लेखनही बाहेरच्या माणसाचे राहिले नाही. जागा बदलली की दिसणारे बदलते आणि दावाही बदलावा लागतो.

या पद्धतीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. शहरात शिकलेला डॉक्टर वखारीत जातो, ऐकतो आणि परत येऊन लिहितो. ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्या स्त्रिया परत उत्तर लिहीत नाहीत. निवेदक कितीही नम्र असला तरी निवड त्याची असते, लेखाचा शेवट कोठे करायचा हे तो ठरवतो, आणि त्याला न सांगितलेल्या गोष्टी लेखात येऊच शकत नाहीत. ही उणीव लेखकाच्या सद्गुणांनी भरून निघत नाही. त्यासाठी लिहिणारा हात बदलावा लागतो.

५

तसा हात जुन्नरला लागूनच असलेल्या अकोले तालुक्यातून पुढे आला. धामणगाव येथे जन्मलेल्या दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते निबंधाचे पुस्तक नाही, आत्मकथन आहे. पण दृष्टी आणि सत्य यांविषयी त्याने जो प्रश्न उभा केला त्यातून पुढचा कोणताही आत्मपर लेखक सुटू शकत नाही. या पुस्तकात नोकरी करणारा, लिहिणारा दया पवार आणि महारवाड्यात वाढलेला दगडू मारुती पवार असे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर येतात. एक सांगतो आणि दुसरा ऐकतो. समीक्षेत ज्यांना ‘अनुभवणारा मी’ आणि ‘सांगणारा मी’ म्हणतात, म्हणजे ज्याने त्या काळी भोगले तो आणि जो आज शब्दांत मांडतो तो, यांच्यातले अंतर येथे रचनेतच दाखवलेले आहे. भोगणाऱ्याजवळ भाषा नव्हती आणि भाषा मिळाली तेव्हा भोगणारा मागे राहिला होता, ही विसंगती झाकून एकसंध ‘मी’ उभा केला असता तर पुस्तक कदाचित अधिक गोळीबंद झाले असते; पण त्याच्या सत्यतेचा आधारच निघून गेला असता.

‘बलुतं’वर झालेल्या चर्चेत, घरातल्या आणि समाजातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या, असा आक्षेप स्वतःच्याच समाजातूनही घेतला गेला. १९९० मध्ये आलेल्या सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ या पुस्तकाभोवतीही, हयात आणि लोकप्रिय पतीविषयी पत्नीने इतके स्पष्ट लिहावे का, असा वाद झाला. दोन्ही ठिकाणी सामाजिक स्थान अगदी भिन्न आहे, तरी प्रश्न एकच आहे. ‘मी’ची गोष्ट कधीच एकट्या ‘मी’ची नसते, तिच्यात आई, पती, शेजारी, सावकार आणि शिक्षक येतात, आणि त्यांना त्या पानावर बोलण्याची सोय नसते. यावर मौन हा उपाय मानला तर दुबळ्याचे दुःख कायमचे घरात कोंडले जाईल, कारण चव्हाट्याची भीती नेहमी दुबळ्यालाच घातली जाते. म्हणून लेखकाने दुसऱ्याविषयी लिहावे, पण दुसऱ्याच्या मनात काय होते हे ठामपणे सांगू नये. त्याची कृती आणि त्याचे शब्द आपल्या साक्षीपुरते नोंदवावेत आणि हेतूविषयीचा तर्क हा तर्कच आहे हे दिसू द्यावे. सत्य आणि न्याय यांची येथे एकच अट होते.

६

आज या दोन तालुक्यांत लिहिणाऱ्यांसमोर असलेले विषय या कसोट्यांवर तपासता येतात. जुन्नरच्या उसात राहणारा बिबट्या हा त्यांतला सर्वात जिवंत विषय. धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्याला आडोसा आणि गावात कुत्री, शेळ्या व वासरे यांच्या रूपाने भक्ष्य मिळाले. आणि रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी अंधारात त्याच्या वाटेवर आला. २००१ ते २००३ या काळात माणसांवरील हल्ले वाढले, पिंजरे लावून अनेक बिबटे पकडले गेले आणि दूरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने पुढे असे दाखवले की ही पकडून दुसरीकडे सोडण्याची रीतच हल्ल्यांच्या वाढीशी जोडलेली होती. या विषयावर शेतकऱ्याने लिहिलेला आत्मपर निबंध भीतीविषयी जे सांगेल ते कोणताही अहवाल सांगू शकणार नाही. बॅटरीच्या उजेडात चमकलेल्या डोळ्यांचे सत्य त्याचेच. पण बिबटे का वाढले, कोणी सोडले, हे त्याला त्या उजेडात दिसलेले नसते. गावात जे ऐकले ते ‘असे म्हणतात’ म्हणून आणि जे पाहिले ते ‘पाहिले’ म्हणून लिहिले, तर त्याचा लेख अभ्यासकाच्या कामालाही पूरक ठरतो. दोन्ही एकत्र कालवले तर त्याची खरी साक्षही अफवेच्या रांगेत जाऊन बसते.

आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा घसरून गाव गाडले गेले आणि अधिकृत गणनेनुसार १५१ माणसे गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. चालकाला गावच दिसेना, आणि त्याच्यामुळे बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली. साक्ष म्हणजे काय, हे या घटनेइतके स्वच्छ क्वचितच दिसते. पाहणाऱ्याला वाट ओळखीची होती, म्हणूनच काय नाहीसे झाले हे त्याला कळू शकले. अनोळखी माणसाला तेथे केवळ चिखल दिसला असता. म्हणजे ओळख, सवय, रोजचा संबंध या ज्या गोष्टींना एरवी पक्षपात म्हटले जाते त्यांच्यावाचून काही सत्ये दिसतच नाहीत. मात्र कडा का घसरला, हा प्रश्न निराळा. अतिवृष्टी, डोंगराची घडण आणि उतारावर झालेले सपाटीकरण यांपैकी कशाचा वाटा किती, याची चर्चा भूशास्त्राच्या पुराव्यानेच करावी लागते, आणि सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या शोकातून ते उत्तर काढण्याचा प्रयत्न करणारा लेखक त्या शोकाचा आणि शास्त्राचा, दोघांचाही अपमान करतो.

तिसरा विषय घोड नदीवरील डिंभे धरणाचा. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव पडले ते गाव या धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. बुडालेल्या गावाविषयीच्या आठवणी जागेवर जाऊन पडताळता येत नाहीत, त्यामुळे गोडवा वाढत जाण्याचा धोका तेथे मोठा असतो. शेती गमावलेला महादेव कोळी आदिवासी, बाजारपेठ गमावलेला दुकानदार, आणि त्याच पाण्यावर खाली ऊस पिकवणारा बागायतदार हे तिघेही एकाच जलाशयाविषयी खरे लिहू शकतात, आणि ती तीन लेखने एकमेकांशी जुळणार नाहीत. त्यांच्यातला विरोध म्हणजे सत्याचा अभाव असे समजण्याचे कारण नाही. लाभ आणि हानी यांची वाटणी विषम झाली, ही वस्तुस्थितीच त्या विरोधातून दिसते, आणि कोणताही एक लेख स्वतःपुरता ती दाखवू शकत नाही.

७

या विवेचनातून आत्मपर निबंधासाठी काही निष्कर्ष निघतात. लेखकाने आपली जागा, काळाचे अंतर आणि माहितीचा मार्ग मजकुरातच ठेवावा. निवड आणि मांडणी यांचे स्वातंत्र्य पूर्ण घ्यावे, पण न घडलेला प्रसंग घडला म्हणून लिहू नये. अनुभवाच्या बळावर कारणमीमांसेचा निकाल देऊ नये. आणि ज्यांना उत्तर देता येणार नाही त्यांच्याविषयी लिहिताना आपल्या साक्षीची हद्द ओलांडू नये. वाचकाकडेही एक काम येते. ‘हे खरे आहे का’ या प्रश्नाबरोबर ‘हे कोठून खरे दिसते, आणि तेथून काय दिसत नाही’ हा प्रश्न त्याने विचारला पाहिजे, कारण लेखकाने सांगितलेल्या जागेचा उपयोग वाचकाने केला तरच ती सांगण्याला अर्थ राहतो.

शेवटी या प्रश्नाचा संबंध साहित्यप्रकारापेक्षा मोठ्या गोष्टीशी पोहोचतो. एका परिसराचे सत्य एका उत्तम लेखकाकडून पूर्ण होत नाही. अवचटांसारखा ऐकणारा लेखक लाभणे हे भाग्य खरे, पण ज्यांचे ऐकले गेले त्यांनी स्वतः लिहिणे हा त्याच्या पुढचा टप्पा आहे. पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांत, धरणग्रस्तांच्या वसाहतींत आणि उसाच्या फडावर आज शिकणारी मुलेमुली आपापल्या जागेवरून लिहू लागतील तेव्हा या दोन तालुक्यांविषयीची पूर्वीची अनेक विधाने दुरुस्त करावी लागतील, आणि तशी दुरुस्ती शक्य व्हावी अशा रीतीने लिहून ठेवणे एवढीच सत्याची मागणी आजच्या लेखकाकडे आहे.